लॅम्बेथचा सूर्यनारायण

आईने वाकून एका बुटाची नाडी सोडली, दुसऱ्या बुटाला हात घातला आणि ती तशीच थांबली. समोर लहानसे कुंड होते, कुंडापलीकडे दगडी देवळी होती आणि देवळीत सूर्य होता. सकाळपासून पाऊस पडून गेला होता, गवत इतके भिजलेले होते की पावलाखाली पाणी वाजत होते, आणि आकाश इंग्लंडमध्ये मे महिन्यातही असते तसे राखाडी होते. ती काही क्षण मूर्तीकडे पाहत राहिली. मग काही न बोलता तिने सोडलेली नाडी पुन्हा बांधली, गुडघ्यावर हात टेकून ती उठली आणि पुढे चालू लागली. देवासमोरून नमस्कार न करता आई पुढे गेल्याचे मी त्याआधी कधी पाहिले नव्हते. एसटीच्या खिडकीतून लांबवर कळस दिसला तरी तिचा हात आपोआप छातीपाशी जातो, बोलण्यात खंडही न पडता. इथे मात्र हात निघाला, बुटापर्यंत पोचला आणि माघारी आला. घरी परतल्यावरही ते माझ्या मनातून जाईना. देवाला ओळखूनही त्याला नमस्कार करायचा नाही, हे तिने कशावरून ठरवले असेल?

ही जागा म्हणजे ग्लॉस्टरशायरमधली सेझिनकोट नावाची जुनी जहागीर. लंडनच्या पॅडिंग्टनहून गाडीने मोर्टन-इन-मार्शला उतरायचे, तिथून टॅक्सी करायची, मग ओकच्या झाडांमधून जाणारा एक लांब खासगी रस्ता लागतो. दोन्ही बाजूंना मेंढ्या चरत असतात, वाटेकडच्या रानलसणीचा वास गाडीच्या काचा बंद असल्या तरी आत येतो, आणि अशा अस्सल इंग्रजी देखाव्याच्या मध्यावर एकाएकी तांब्याचा हिरवट पडलेला कांद्याच्या आकाराचा घुमट दिसतो. कोपऱ्यांवर छत्र्या, भिंतीबाहेर आलेले रुंद छज्जे, मोराच्या पिसाऱ्यासारख्या कमानींच्या खिडक्या, आणि हे सगळे केशरी झाक असलेल्या दगडात. फोटो पाहून आले तरी धक्का बसायचा तो बसतोच.

ही जहागीर 1795 मध्ये कर्नल जॉन कॉकरेलने विकत घेतली. तीनच वर्षांनी तो वारला आणि ती त्याचा भाऊ चार्ल्स याच्याकडे आली. चार्ल्स ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीत बंगालमध्ये राहिलेला, कलकत्त्यात पोस्टमास्टर जनरल झालेला, पुढे सावकारी पेढीत भागीदार असलेला आणि अखेरीस सर झालेला माणूस. तिसरा भाऊ सॅम्युएल पेपिस कॉकरेल वास्तुविशारद होता. घर त्याने बांधले. सॅम्युएल स्वतः हिंदुस्थानात कधी आला नव्हता, म्हणून बारकाव्यांसाठी चित्रकार थॉमस डॅनियलचा सल्ला घेण्यात आला. 1807 मध्ये इंग्लंडचा युवराज हे घर बघायला आला आणि ते त्याच्या मनात इतके भरले, की ब्रायटनच्या राजवाड्यावर नंतर जे घुमट चढले त्यांचा उगम इथे सांगतात. पहिल्या महायुद्धात त्याच ब्रायटनच्या राजवाड्यात जखमी हिंदी शिपायांचे रुग्णालय होते. खोट्या हिंदुस्थानी घुमटांखाली खरे हिंदुस्थानी शिपाई निजले होते.

घराच्या आत मात्र हिंदुस्थानचा मागमूस नाही. जिना, दिवाणखाना, छतावरचे नक्षीकाम, सगळे युरोपीय, ग्रीक-रोमन वळणाचे. आई बाहेर पडताना म्हणाली, "बाहेरून मोगलाई, आतून साहेबी, आणि देव तेवढे ओढ्याकाठी." या घराबद्दल नंतर मी जे जे वाचले, त्यात याहून नेमके वर्णन मला मिळालेले नाही. पंचवीसेक वर्षे बंगालमध्ये काढलेल्या माणसाने हिंदुस्थान भिंतीच्या बाहेरच्या अंगाला लावून घेतला आणि उंबऱ्याच्या आत येऊ दिला नाही. जेवायला बसताना, झोपताना, पाहुण्यांशी बोलताना त्याला आपला युरोपच हवा होता. देव बागेत गेले, कारण बागेत काहीही चालते.

बागेतला क्रम असा आहे. वर झऱ्याचे पाणी कुंडात येते आणि त्या कुंडापाशी सूर्याचे मंदिर आहे. तिथून ओढा खाली उतरतो, एका पुलाखालून जातो आणि पुढे एका तळ्यात पोचतो, तिथे झाडाच्या खोडाला विळखा घातलेला तीन फण्यांचा नाग आहे. पुलाच्या कठड्यांवर नंदी बसले आहेत. ओढ्याच्या दोन्ही काठांवर प्रिम्युलाचे गुलाबी-पिवळे तुरे, छत्रीएवढ्या पानांचा गनेरा आणि जमिनीपर्यंत फांद्या लोंबणारे एक प्रचंड हॉर्नबीम. आईला झाडे मनापासून आवडली. ती प्रत्येकाला कोकणातले नातेवाईक शोधत होती, गनेराला तर तिने अळूचा थोरला भाऊ ठरवून टाकले. पण देवांच्या मांडणीने ती अस्वस्थ झाली. सूर्याकडे जाणाऱ्या वाटेवर नंदी कशासाठी, आणि नंदीच्या खालच्या अंगाला नाग वेगळाच का, हे तिला कळेना. पंचायतनातले देव इकडचे तिकडे झाले तर घरातली कर्ती बाई ते आधी नीट मांडते. इथे मांडायला हात पुढे करता येत नव्हता.

पुलाखालून ओढ्यातल्या दगडांवर पाय देत पलीकडे जाता येते. आई तिथे उतरली नाही, मी उतरले. पुलाला आधार देणारे बुटके, जाड, अष्टकोनी खांब आहेत आणि खाली मान वाकवून उभे राहिले की वरून माणसे चालल्याचा आवाज आणि शेजारून पाण्याचा आवाज एकत्र कानात घुमतो. अंगाला गारवा लागतो, दगडाला ओल्या शेवाळाचा वास असतो. हे खांब घारापुरीच्या लेण्यांवरून सुचलेले आहेत. हे मी आधी वाचले होते, तरी हात लावल्यावरच ते पोचले. शाळेच्या सहलीत गेटवेहून लाँचने घारापुरीला गेलेले मराठी माणूस कॉट्सवोल्ड्समधल्या एका ओढ्यात त्याच खांबांच्या दूरच्या नातवंडांपाशी उभे राहते, तेव्हा अभिमान वाटावा की राग यावा हे पटकन ठरत नाही. मला पहिल्यांदा हसू आले. राग नंतर आला, आणि तोही पुरता नाही.

कारण हे खांब इथे कसे पोचले ते पाहू लागले की पुणे मध्ये येते. थॉमस डॅनियल आणि त्याचा पुतण्या विल्यम 1793 मध्ये मुंबईत होते. तिथे त्यांना जेम्स वेल्स नावाचा स्कॉटिश चित्रकार भेटला. घारापुरीची आणि साष्टीतली लेणी त्यांनी त्याच्या सोबतीने पाहिली. हा वेल्स पेशव्यांच्या दरबारी राबता असलेला. सवाई माधवराव, नाना फडणवीस, महादजी शिंदे यांची चित्रे त्याने काढली आहेत. पुण्याचा रेसिडेंट चार्ल्स मॅलेट याने शनिवारवाड्यात एक चित्रशाळा सुरू करवली होती, आणि तिथे वेल्सच्या हाताखाली तयार झालेला गंगाराम तांबट हा आपला माणूस. त्याने वेरूळची लेणी मोजून-मापून कागदावर उतरवली आणि मॅलेटने वेरूळविषयी लिहिलेल्या निबंधासोबत ती चित्रे गेली. 1795 मध्ये सवाई माधवराव गेले, त्याच वर्षी वेल्सही ठाण्याजवळ मरण पावला. त्याची वेरूळची चित्रे डॅनियलने पुढे 1803 मध्ये इंग्लंडात छापली. म्हणजे सेझिनकोटच्या ओढ्यावर पूल उभा राहण्याच्या काळात, त्या पुलाच्या रचनाकाराच्या टेबलावर सह्याद्रीतल्या लेण्यांची चित्रे पसरलेली होती आणि ज्या मंडळींकडून ती आली त्यांत पुण्याचा एक तांबटही बसत होता. गंगारामने काढलेली बरीच चित्रे आज अमेरिकेत येल विद्यापीठाच्या संग्रहात आहेत. सेझिनकोटच्या चहाच्या टेबलावर मी आईला हे सगळे सांगितले तेव्हा तिने एवढेच विचारले, "त्याला पैसे तरी नीट दिले होते का रे त्यांनी?" मी मुलगी असूनही आई मला लहानपणापासून मधूनमधून 'रे' म्हणते.

डॅनियलला हे सारे हसण्यावारी न्यायचे नव्हते, हेही इथेच नोंदवायला हवे. नंदी पुलावर ठेवावेत की नाही याबद्दल मालकाच्या मनात शंका आली, तेव्हा 1811 मध्ये डॅनियलने त्याला पत्र लिहिले. हिंदूंच्या देवांचा कारागीर विश्वकर्मा याने सेझिनकोटमध्ये डोकावून पाहिले तर तोही म्हणेल की नंदी आहेत तिथेच राहू द्या, असा त्या पत्रातला मजकूर आहे. मला हे पत्र विलक्षण वाटते. विश्वकर्म्याचे नाव त्याला ठाऊक होते, त्याचे काम काय ते ठाऊक होते, आणि इंग्लंडमधल्या एका बागेच्या वादात साक्षीला बोलवावे इतकी त्याची त्या नावाशी सलगी होती. आपल्याकडे आज नव्या सोसायटीच्या दाराशी गणपती बसवताना एवढा विचार होतो असे छातीठोकपणे म्हणता येणार नाही. पण नंदी कुठे बसला म्हणजे दिसायला बरा दिसतो हा त्याचा प्रश्न होता आणि नंदी कोणाकडे पाहतो हा आईचा.

आता मूर्तीबद्दल. ती दगडाची नाही. तिच्यासाठी कुठल्या डोंगरातून शिळा काढली गेली नाही, कुणी छिन्नी चालवली नाही. तिला कोड स्टोन म्हणतात, आणि तो एलेनॉर कोड नावाच्या बाईंच्या कारखान्यात तयार होत असे. लंडनमध्ये थेम्सच्या दक्षिण काठावर लॅम्बेथला 1769 पासून या अविवाहित बाईंनी हा धंदा चालवला आणि 1821 मध्ये मरेपर्यंत तो नावारूपाला ठेवला. त्या काळात बाईने कारखाना चालवणे ही गोष्टच एका स्वतंत्र लेखाची आहे. चिकणमाती, आधी भाजून कुटलेल्या मातीची भुकटी, गारगोटी, वाळू आणि काचेचा चुरा एकत्र मळायचा, साच्यात दाबायचा, बाहेर काढून बारकावे हाताने कोरायचे आणि मग चार दिवस भट्टीत एकसारख्या आचेवर भाजायचे. भाजताना मूर्ती आक्रसते, म्हणून साचा त्या हिशोबाने मोठा करायचा. बाहेर येणारी वस्तू दिसायला चुनखडीच्या दगडासारखी असते, पण ऊन, पाऊस, धुके आणि कोळशाचा धूर यांना खऱ्या दगडापेक्षा जास्त पुरून उरते. वेस्टमिन्स्टर पुलाच्या टोकाला जो मोठा पांढरा सिंह आहे तो याच मातीचा, 1837 मधला, आणि त्याच्या आयाळीचा केस न् केस आजही वेगळा दिसतो. आदल्या आठवड्यात आईने त्या सिंहापाशी उभे राहून फोटो काढून घेतला होता. सूर्य आणि सिंह एकाच कारखान्यातले, हे मी तिला बागेत सांगितले. ती म्हणाली, "म्हणजे भाजलेला आहे. आपल्या गणपतीसारखा कच्च्या मातीचा असता तर एका पावसात सुटला असता." सुटला असता हा शब्द तिने विरघळण्यासाठी वापरला की सुटकेसाठी, हे मी विचारले नाही.

आई मूळची राजापूरकडची. तिच्या माहेरापासून कशेळी फार लांब नाही, आणि कशेळीचा कनकादित्य हा तिच्या लेखी सूर्याचा खरा पत्ता. त्याची कथा तिकडच्या प्रत्येकाला पाठ असते. प्रभासपाटणहून सूर्यमूर्ती घेऊन निघालेले व्यापाऱ्याचे गलबत कशेळीच्या किनाऱ्यापाशी अडले, एक मूर्ती कड्यातल्या गुहेत उतरवली तेव्हा कुठे ते पुढे सरकले, कनका नावाच्या बाईला दृष्टान्त झाला आणि गावाने ती मूर्ती आणून देऊळ बांधले. रथसप्तमीला तिथे मोठा उत्सव असतो. लाकडी खांबांच्या सभामंडपात इतकी गर्दी होते, की घामाचा, उदबत्तीचा आणि ओल्या सोवळ्यांचा वास एकमेकांत मिसळून जातो. ज्या वर्षी जाणे होत नाही त्या वर्षी आई घरी पाटावर रक्तचंदनाने सूर्य काढते आणि अंगणात गोवऱ्यांवर दूध उतू घालते. जळलेल्या दुधाच्या त्या वासासाठी मी इथे परदेशात एकदा बाल्कनीत लहानशी शेगडी पेटवली होती, तर शेजाऱ्यांनी काळजीने दार ठोठावले.

कशेळीचा सूर्यही समुद्रावरून आला आहे, परगावच्या कारागिराने घडवलेला आहे, गावाने त्याला मागितलेलेही नव्हते. सेझिनकोटच्या सूर्याशी त्याचे एवढे साम्य आहे आणि इथेच ते संपते. तो अडला म्हणून लोकांनी त्याला ठेवून घेतले, न्हाऊ घातले, त्याच्या जेवणाखाणाची व्यवस्था लावली, त्याच्या नावाने जमिनी लावल्या, त्याच्यावरून भांडणेही केली असतील. सेझिनकोटच्या सूर्याला हवामान सोडून कोणी न्हाऊ घातलेले नाही. परतीच्या गाडीत आईने अखेर तोंड उघडले. "इतकी वर्षं झाली, याला कुणी कधी पाण्याचा थेंब तरी दिला असेल का गं?" असे ती म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता. एखाद्या घरी म्हातारे माणूस एकटे बसलेले दिसल्यावर ती ज्या सुरात विचारपूस करते तोच सूर होता. प्राणप्रतिष्ठा झाली नाही म्हणजे ही फक्त मूर्ती, देव नव्हे, असा शास्त्रार्थ तिला माहीत आहे आणि बूट पुन्हा बांधताना तिने तो पाळलाही. पण शास्त्राने तिचे समाधान झाले नव्हते.

माझेही झाले नाही, मात्र माझे कारण वेगळे आहे. याच डॅनियलने त्याआधी, 1800 च्या सुमारास, मेलचेट पार्क नावाच्या दुसऱ्या एका जहागिरीत मेजर ऑस्बोर्नसाठी एक छोटे हिंदू देऊळ रचले होते. त्या देवळात देव नव्हता. कमळातून वर येणारा वॉरन हेस्टिंग्जचा अर्धपुतळा होता. सात वर्षे चाललेल्या महाभियोगातून सुटलेल्या त्या गव्हर्नर जनरलला, धर्मरक्षणासाठी अवतार घेणाऱ्या विष्णूच्या पंक्तीला बसवण्याचा तो थाट होता. ते देऊळ आज उरलेले नाही, आणि मला त्याची हळहळ वाटत नाही. ते ऐकून संताप येतो आणि तो संताप स्वच्छ असतो. सेझिनकोटच्या सूर्यापुढे तसा स्वच्छ संताप येत नाही. ज्याने तो मागवला त्याचा पैसा बंगालमध्ये कमावलेला होता हे खरे. ज्याने तो सुचवला त्याने हिंदुस्थानात वर्षानुवर्षे पायपीट करून, तापाने फणफणत, डोळे भरून देवळे पाहिली होती हेही खरे. 1944 मध्ये ही जहागीर ज्या कुटुंबाने घेतली त्याने पडीक झालेली ही बाग पुन्हा उभी केली, आणि आजही कुंड गाळाने भरू दिलेले नाही. आमच्या घारापुरीच्या मूळ खांबांपैकी किती अखंड आहेत ते पाहायला लाँचमधून उतरून शंभरावर पायऱ्या चढाव्या लागतात.

घारापुरीचा विषय निघाला म्हणून भायखळ्याचा हत्ती आठवतो. बेटाला एलिफंटा हे नाव ज्याच्यामुळे पडले तो दगडी हत्ती 1864 मध्ये इंग्लंडला हलवण्याचा प्रयत्न झाला. यारीची साखळी तुटली, हत्ती पडून फुटला आणि त्यामुळेच तो मुंबईत राहिला. तुकडे जोडून उभा केलेला तो हत्ती आज जिजामाता उद्यानात, भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या आवारात आहे, आणि राणीच्या बागेत पेंग्विन बघायला जाणारी पोरे त्याच्या बाजूने धावत जातात. तो परका झाला असता तर तो मागायला आपण गेलो असतो. वाघनखे 2024 मध्ये काही वर्षांच्या बोलीवर लंडनहून साताऱ्याला आली, तेव्हा आम्ही इथली मराठी माणसे रात्र रात्र त्या बातम्या पाहत बसलो होतो. नेलेली वस्तू परत मागता येते. तिच्यासाठी अर्ज असतो, खटला असतो, निदान लेख असतो.

या सूर्याचे तसे नाही. तो कुणाच्या गाभाऱ्यातून उचललेला नाही, कुठल्या गावाचा देव्हारा त्याच्यावाचून रिकामा नाही. डेव्हन-डॉर्सेटकडची माती, इंग्रजी कोळसा, इंग्रज बाईची भट्टी, इंग्रज चित्रकाराची नजर आणि आपला देव, असा त्याचा हिशोब आहे. त्या हिशोबात आपल्या बाजूला नेमके काय जमा धरायचे हे मला अजून ठरवता आलेले नाही. मध्यंतरी आमच्या मराठी मंडळात या बागेचा विषय निघाला तेव्हा एक तरुण तावातावाने म्हणाला, की ती मूर्ती भारताला परत मिळाली पाहिजे. मी त्याला विचारले, परत म्हणजे कुठे? तिचे जन्मगाव लॅम्बेथ. कोडबाईंचा कारखाना होता त्या जागेवर आज रॉयल फेस्टिव्हल हॉल उभा आहे, तेव्हा परत करायचीच म्हटली तर ती तिथल्या तिकीट खिडकीवर नेऊन द्यावी लागेल, आणि तिथला माणूस आधी विचारील की कुठल्या कार्यक्रमासाठी.